अजिंठ्याचा अंधार, वेरूळचं ऊन आणि माझा कॅमेरा

जळगावात राहणाऱ्या माणसाला अजिंठा म्हणजे परसातली विहीर! आहेच की ती तिथं, कधीही जाता येईल, असं म्हणत म्हणत वर्षं जातात आणि जाणं काही होत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की तेवढी आठवण होते. मग पहाटे उठून दशम्या करायच्या, कोरडी चटणी बांधून घ्यायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि साठेक किलोमीटरची वाट धरायची. लेण्यांत शिरल्यावरही बायकांच्या हाती जेवणाची पिशवी आणि पोरांचे हात. कॅमेरा असायचा तो पुरुषमंडळींच्या गळ्यात. आपल्या घरचे जुने अल्बम काढून बघा. फोटोत आपण असतो, नाही असं नाही. पण ‘जरा सरका, पदर नीट करा’ असं सांगणारा नेहमी पलीकडचा कुणीतरी असतो.

यंदा भिशीचे पैसे हाती आले आणि मी जाहीर केलं, की मला कॅमेरा घ्यायचाय. घरात सगळे चकित. “अगं, फोन आहे की हातात! त्यात काय कमी आहे?” असं ह्यांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. उजेडात, अंगणात, लग्नाच्या मांडवात फोन उत्तम फोटो काढतो. पण माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे अजिंठ्याची चित्रं. तिथल्या अंधारात फोनवर काढलेले फोटो कधी गिचमिड, तर कधी फोननंच रंग चढवून गुळगुळीत केलेले दिसत. आणि दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या सासूबाई.

मामंजी गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकट्याचा असा फोटो घरात नव्हता. शेवटी एका लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मोठा केला. बाजूच्या माणसाचा खांदा त्यात तसाच राहिला. सासूबाई रोज त्या फोटोला हार घालतात आणि म्हणतात, “हे काही त्यांच्यासारखे दिसत नाहीत.” सासूबाईंना आता अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. पुढचं मी सांगायला नको. बहुतेक घरांची हीच कथा आहे.

दुकानात जाण्यापूर्वी

डीएसएलआर म्हणजे काय, ते आधी सोप्या शब्दांत सांगते. या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक तिरका आरसा असतो. समोरचं दृश्य आरशावरून वर जातं आणि आपण डोळा लावतो त्या खिडकीत जसंच्या तसं दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागच्या चिपवर उजेड पडतो आणि फोटो उमटतो. तो ‘खट्’ आवाज त्याचाच. ही चिप फोनच्या चिपेपेक्षा कितीतरी मोठी असते. अंगणात लहान वाटी ठेवली आणि मोठी परात ठेवली, तर पावसाचं पाणी कशात जास्त जमेल? तसंच उजेडाचं.

नवशिक्यांसाठी दोन नावं कायम ऐकू येतात: कॅननची ईओएस १५०० डी आणि निकॉनची डी ३५००. दोन्ही २०१८ साली आले, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. त्यातल्या निकॉनचं उत्पादन नंतर थांबलं. एकूणच कंपन्यांचा ओढा आता बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे. पण त्याचा आपल्याला फायदाच होतो, बरं का! हौसेनं घेऊन कपाटात पडलेले चांगले डीएसएलआर वापरलेल्या मालात निम्म्या-पाऊण किमतीत मिळतात. मी तसाच एक कॅनन घेतला.

दुकानदार ‘कॉम्बो’ गळ्यात मारू पाहतो: दोन लेन्स, बॅग, स्टँड, कार्ड, सगळं एकत्र. भांड्यांच्या सेटसारखंच हे. त्यातली चार भांडी कधी फडताळाबाहेर येत नाहीत. माझा सल्ला असा, की कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची साधी लेन्स घ्यावी आणि उरलेल्या पैशांत ५० मिलिमीटरची एफ १.८ ही छोटी लेन्स घ्यावी. लांबचं जवळ दाखवणारी मोठी लेन्स मागाहून, गरज पटली तर.

हे एफ १.८ काय प्रकरण आहे? लेन्सच्या आत नळाच्या तोटीसारखं एक भोक असतं, लहानमोठं होणारं. त्याचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. हा उलटा हिशेब एकदा डोक्यात बसवून घ्यावा. साधी १८-५५ ची लेन्स जास्तीत जास्त एफ ३.५ पर्यंत उघडते आणि ५५ वर ओढली की ५.६ पर्यंतच. एफ १.८ ची लेन्स ३.५ पेक्षा जवळजवळ चौपट उजेड आत घेते. अजिंठ्याला जायचं तर हीच खरी शिदोरी.

आणखी काही गोष्टी दुकानातच बघून घ्या. लेन्सवर कॅननला ‘आयएस’ आणि निकॉनला ‘व्हीआर’ ही अक्षरं असतील, तर हाताचा थोडा कंप लेन्स सांभाळून घेते. अक्षरं नसलेली लेन्सही त्याच रूपाची असते, म्हणून चष्मा लावून वाचा. निकॉन डी ३५०० घेत असाल, तर ५० ची लेन्स ‘एएफ-एस’ प्रकारची मागा. जुनी ‘डी’ प्रकारची स्वस्त मिळते, पण या कॅमेऱ्यावर ती आपोआप फोकस करत नाही. वापरलेला कॅमेरा घेताना किती ‘क्लिक’ झाल्या आहेत ते विचारा. या वर्गातले कॅमेरे साधारण लाखभर क्लिक टिकतील, असं धरून चालतात. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. फुकट दिली तरी घेऊ नका.

आणि कॅमेरा हातात धरून बघा. कॅनन बॅटरीसकट पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास, निकॉन सव्वाचारशेच्या. वर लेन्सचं वजन वेगळं. अर्धा किलो साखरेची पुडी दिवसभर गळ्यात वागवायची आहे, हे लक्षात असू द्या.

अजिंठ्याच्या अंधारात

पावसाळा ओसरत आला की अजिंठा सर्वांत देखणा. वाघोरा नदीनं घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय आणि त्या कड्यात ओळीनं लेणी कोरलेली. डोंगर हिरवागार, सातकुंडाचा धबधबा वाहता. सोमवारी लेणी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. म्हणून आम्ही बुधवार-गुरुवार धरला. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. सासूबाई आधी “मी काय नवरी आहे डोलीत बसायला?” म्हणाल्या आणि मग ऐटीत बसल्या.

पहिल्या लेण्यात चपला काढून शिरलो. एका वेळी ठरावीक माणसंच आत सोडतात. पहिलं मिनिटभर काही दिसत नाही. मग हळूहळू डोळे सरावतात आणि अंधारातून कमळ हाती घेतलेला पद्मपाणी समोर येतो. त्या झुकलेल्या पापण्या! बाहेरच्या जगाशी आपला काही संबंध आहे, हेच क्षणभर विसरायला होतं.

फोटो काढायला मनाई नाही, पण फ्लॅशला सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. दीड हजार वर्षांचे रंग आहेत ते. कॅमेऱ्याची चकती हिरव्या ‘ऑटो’वर ठेवली, तर अंधार दिसताच फ्लॅश आपणहून टपकन उघडतो आणि रखवालदार ओरडतो. म्हणून आत शिरण्यापूर्वीच चकती कॅननवर ‘एव्ही’, निकॉनवर ‘ए’ या खुणेवर आणून ठेवावी. तिथं आपण न उघडता फ्लॅश उघडत नाही. मग तीन गोष्टी जमवायच्या.

पहिली, लेन्सचं भोक पूर्ण उघडं, एफ १.८. दुसरी, आयएसओ. म्हणजे चिप किती हळवी करायची, तो आकडा. उन्हात शंभर पुरतो, इथं मी ३२०० ठेवला. जास्त वाढवला की फोटोत रवाळपणा येतो, बारीक रव्यासारखा. पण हललेल्या फोटोपेक्षा रवाळ फोटो बरा. तिसरी, वेळ. पडदा सेकंदाचा कितवा भाग उघडा राहतो ती. ती १/३० च्या खाली गेली की हाताचा कंप फोटोत उतरतोच. तिपाई विनापरवानगी चालत नाही. मग कोपरं पोटाशी घट्ट धरायची, अर्धा श्वास सोडायचा आणि सुईत दोरा ओवताना थांबतो तसं थांबून बटण अलगद दाबायचं. एका पाठोपाठ तीन-चार काढले की त्यातला एक तरी स्थिर निघतो.

पहिल्याच लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धाची मोठी मूर्ती आहे. वाटाड्यानं विजेरीचा मंद झोत एका बाजूनं धरला तर मुद्रा गंभीर वाटली, दुसऱ्या बाजूनं धरला तर हसरी, खालून धरला तर ध्यानस्थ. दगड तोच, चेहरा तोच, फक्त उजेड कुठून आला त्याचा फरक. फोटोग्राफीचा अर्धा अभ्यास मला त्या दोन मिनिटांत झाला.

या चित्रांची नक्कल करण्यापायी माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. पुढे रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ साली चित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं इथं राहून त्यानं मोठमोठी तैलचित्रं केली, ती लंडनला गेली आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळी जळाली! त्यानंतर १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी बसले. त्यांच्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. ऐकतानाच पोटात कालवतं. पण गिलनं पुढे कॅमेराही हाती घेतला होता. त्याचे अजिंठा-वेरूळचे फोटो १८६४ साली पुस्तकरूपानं छापले गेले आणि ते आजही बघायला मिळतात. अलीकडे बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रखर दिवे न लावता, मंद उजेडात कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवून ही चित्रं टिपली. तेव्हा कुठं त्यांचे खरे रंग जगाला दिसले.

दुसऱ्या लेण्याच्या ओसरीत डोली टेकवली. उजेड बाहेरून येत होता, पण ऊन आत नव्हतं. अशा जागी चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत. बायकांचे फोटो काढायला घराची ओसरी किंवा खिडकीजवळची जागा उत्तम म्हणतात ती याचसाठी. सासूबाई एका ठिकाणी पोपडा निघालेल्या भिंतीकडे निरखून बघत होत्या. वाटाड्या सांगत होता, की दगडावर आधी चिखल, शेण आणि भाताचा तूस कालवून लिंपलंय, वर चुन्याचा पातळ हात दिलाय आणि मग चित्रं रंगवली आहेत.

“म्हणजे सारवलंय की!” त्या म्हणाल्या. “आमच्या माहेरची भिंत अशीच सारवायचो आम्ही. आणि ही अजून उभी आहे?”

आणि त्या हसल्या. एरवी कॅमेरा दिसला की दात नाहीत म्हणून पदर तोंडाशी नेणाऱ्या, पासपोर्टला काढतात तशा ताठ बसणाऱ्या सासूबाई! मी फोकसचा ठिपका त्यांच्या डोळ्यावर ठेवला होता, एफ २.८, आयएसओ ४००. ‘खट्’.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. “हार घालायला काढतेस का गं?”

क्षणभर मला सुचेना. हे दुसरीकडे बघू लागले. मग मी म्हटलं, “नाही. तुम्हीच बघायला, भिंतीवर लावायला काढतेय.”

“मग थांब,” त्या म्हणाल्या, “डोक्यावरचा पदर नीट घेऊ दे.”

दुसरा फोटोही काढला. पण खरा पहिलाच.

वेरूळच्या उन्हात

रात्री छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला मुक्काम केला आणि सकाळ बाजारात घालवून दुपारच्या जेवणानंतर तीसेक किलोमीटरवरच्या वेरूळला निघालो. उशिरा निघण्यामागे आळस नव्हता. वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी त्यांचं तोंड सावलीत, दुपार कलली की ऊन थेट आत येतं. फोटोसाठी जागेइतकीच वेळही महत्त्वाची असते, हे जायच्या आधी विचारून ठेवावं.

कैलास लेणं, म्हणजे सोळावं, हे कुठल्याही फोटोत पूर्ण मावत नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणून एका अखंड खडकातून उभं केलेलं हे देऊळ. आधी कळस, मग पाया! इथं ५० ची लेन्स कामाची नाही. तिच्यात एकटा हत्तीच मावतो. इथं बरोबर आलेली साधी १८-५५ बाहेर काढली आणि १८ वर ठेवली. एफ ८, आयएसओ १००. भोक लहान केलं की जवळचा हत्ती आणि लांबचा कळस दोन्ही स्पष्ट येतात. उलट, भोक मोठं ठेवलं की जवळचं स्पष्ट आणि मागचं पुसट. माणसाचा फोटो आणि देवळाचा फोटो यांत एवढाच फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

उन्हात एक अडचण येते. पांढरं आकाश जास्त असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे आणि तो देऊळ काळं करून टाकतो. त्यासाठी अधिक-उणे अशी खूण असलेलं बटण असतं. ते एका पायरीनं अधिककडे नेलं की कोरीव काम उजळतं. आणि आकारमान दाखवायचं तर फोटोत माणूस हवा. नुसत्या खांबाचा फोटो बघून घरच्यांना काय कळणार? हे खांबाशी उभे राहिले तेव्हा कळलं, की खांबाची बैठकच त्यांच्या खांद्याला लागते.

देवळाच्या बाजूनं डोंगरावर चढून गेलं, की वरून सगळं एका नजरेत दिसतं. तिथं मी एकटीच गेले. कडेला जपून उभं राहावं, डोळा कॅमेऱ्याला असला की पायाखालचं भान राहत नाही. खाली अंगणात सासूबाई आणि हे चिमुकले दिसत होते. कुणी ‘चला आता’ म्हणत नव्हतं, कुणाला पाणी द्यायचं नव्हतं. वीसेक मिनिटं मी फक्त बघत होते. कॅमेरा घेतल्याचं मला काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी ती वीस मिनिटं सांगेन.

घरी आल्यावर

कॅमेऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवला, की ओल धरून भिंगात बुरशी आलीच. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्यात कॅमेरा ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याची पूड आत जाते. महिनाभर वापरायचा नसेल तर बॅटरी काढून ठेवा. भिंग पदरानं पुसायचं नाही, कितीही मऊ सुती असला तरी! आधी रबरी फुग्यानं धूळ उडवावी, मग चष्म्याच्या मऊ फडक्यानं हलक्या हातानं पुसावं.

फोटो कार्डात तसेच ठेवू नका. घरच्या संगणकावर एक प्रत आणि बाहेरच्या डिस्कवर दुसरी, हा नियम लोणच्याच्या दोन बरण्यांसारखा पाळावा. एक बिघडली तरी दुसरी राहते. गिलची चित्रं जळाली, कारण ती एकेकच होती.

आणि छापून घ्या. शंभरांतले पाच निवडून कागदावर उतरवा. दिवाळीला येणाऱ्या लेकी-सुनांना पेढ्याच्या बॉक्सबरोबर एकेक द्या. पडद्यावर सरकून गेलेला फोटो विसरतो. हातात धरलेला फोटो म्हाताऱ्या माणसांना पुन्हा पुन्हा बघता येतो.

आपल्याला हे तंत्र जमेल का, अशी शंका घेऊ नका. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, साडी नेसून अवजड कॅमेरा खांद्याला लावून फिरल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. आपल्याला तर फक्त आपली माणसं आणि आपल्या जवळची लेणी टिपायची आहेत. रोज एक फोटो, तोही घरातलाच: खिडकीतली तुळस, भाकरीवरची वाफ, झोपलेलं नातवंड. महिन्याभरात हात बसतो.

सासूबाईंचा तो ओसरीतला फोटो मोठा करून चौकटीत बसवलाय. जेवणघराच्या भिंतीवर, त्यांच्या पाटासमोर. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या स्वतःच दाखवतात आणि शेणाच्या सारवणाची गोष्ट सांगतात. दसऱ्याला शिवणयंत्र, कात्री आणि विळी पुजताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “सूनबाई, तुझं ते यंत्र पण आण.” झेंडूचं एक फूल त्यावरही वाहिलं. लेन्सचं झाकण तेवढं मी आधी लावून घेतलं होतं!